बटणांच्या खेळाला ना हरकत

‘कुणीही गेम बनवू शकतो, तोसुद्धा दहा मिनिटांत, कोडिंगचं एक अक्षरही न शिकता!’ असं हसत हसत सांगणारा एक तरुण इंटरनेटवर आहे. तो मला कधी रस्त्यात दिसला, तर मी त्याला हात लावणार नाही. मी सरळमार्गी माणूस आहे. फक्त त्याला खुर्चीत बसवेन, समोर माझा लॅपटॉप ठेवेन, घड्याळ लावेन आणि म्हणेन, ‘चल, दाखव.’ दहा मिनिटांत माझा लॅपटॉप धड चालूसुद्धा होत नाही.

मी पाणीपुरवठा खात्यात परवानगी शाखेचा हेडक्लार्क आहे. एकतीस वर्षं झाली. संगणकाशी माझा संबंध पत्र टाइप करायचं आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की शिपायाला हाक मारायची, एवढाच. मोबाईलवर गेम खेळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण त्यात माझी बायको येते. असा माणूस स्वतःच गेम बनवायला बसला, तर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं शेजाऱ्यांना वाटणं मी समजू शकतो. पण तसं त्यांनी जिन्यात उभं राहून, मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला नको होतं.

सगळं झालं ते ताईमुळे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले आणि त्यातली पहिली दहा वर्षं माझ्या शिक्षणासाठी शिवले. हे ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मला जास्तच लागतं. सहाएक महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि आम्ही तिला आमच्या घरी आणलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. बोलणं तर जरुरीपेक्षा जास्तच सुधारलं. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट काही केल्या एकमेकांना भेटेनात.

व्यायाम घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या, “पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. चिमटीत काहीतरी पकडत राहायचं. नंतर सुधारतच नाही असं नाही, पण मग खूप हळू.”

ताईने एकच विचारलं, “सुई धरता येईल?”

“आधी बटण धरूया,” बाई म्हणाल्या.

त्यांनी रबरी चेंडू दिला. ताई म्हणाली, “मी काय कुत्रं आहे, चेंडूशी खेळायला?” मऊ माती दिली, तर तिने ती डाव्या हाताने खिडकीबाहेर टाकली. शेवटी मी तिचाच बटणांचा डबा आणून समोर ठेवला. तिने उजवा हात पुढे केला. बटण उचललं जाईना, घरंगळून फरशीवर पडे, मी वाकून ते उचले, पुन्हा पडे. सातव्या वेळी तिने डबा बाजूला सारला. “मी पाडायचं आणि तू उचलायचं,” ती म्हणाली, “हे मला नाही बघवत. ने तो.” मी डबा नेला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

मग बाईंनी मोबाईलवर दोन बोटांनी खेळायचा एक गेम सुचवला. निदान काही खाली पडणार तरी नाही. तो गेम कुणी बनवला मला माहीत नाही, पण तो माणूस नव्हे. दर अर्ध्या मिनिटाला जाहिरात, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, आणि जरा उशीर झाला की पडद्यावर एक ससा येऊन ढसाढसा रडायचा. खाली अक्षरं: ‘अरेरे! तुम्ही हरलात!’ ताईने दोन वेळा ससा पाहिला. तिसऱ्यांदा म्हणाली, “हा मेला माझ्यासाठी रडतोय होय?” आणि मोबाईल भिंतीवर आपटला. डाव्या हाताने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं जिच्या शिलाईत कुणाला एक टाका वाकडा सापडला नाही, तिला एक ससा हरवतो? त्या रागाच्या भरात मी व्यायामाच्या बाई, बायको आणि पाणी मागायला आलेले शेजारी यांच्यादेखत जाहीर केलं, “मीच बनवतो गेम! ससा नाही, घड्याळ नाही, जाहिरात नाही. दोन बोटांनी बटण उचलायचं आणि काजात घालायचं. बस्स!”

बायको म्हणाली, “तुम्हाला मिक्सर लावता येत नाही.” तिचं म्हणणं खरं होतं, पण ती वेळ नव्हती.

पाणी मागायला आलेल्या या शेजाऱ्यांना आम्ही ‘मुद्देसूद’ म्हणतो. कुठलंही बोलणं ते ‘माझे तीन मुद्दे आहेत’ असं सुरू करतात, आणि तिसरा मुद्दा कधीही येत नाही, कारण दुसऱ्यालाच फाटे फुटतात. मी पाणीपुरवठा खात्यात असूनही पाणी आमच्या इमारतीत दिवसाआड येतं, याला ते पहिला मुद्दा समजतात. ते म्हणाले, “एक, गेममध्ये शत्रू हवा. शत्रूशिवाय माणूस खेळत नाही. दोन, राक्षस घ्या. राक्षस बटणं चोरतो असं दाखवा.” मी त्यांना पाणी दिलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं असं की गेमला संगीत हवं आणि ते त्या स्वतः गातील. त्यांनी उभ्याउभ्याच गाऊन दाखवलं. ताईने आतून विचारलं, “कुणाला लागलं का रे?”

कोडिंग न येणाऱ्यांसाठी एक सोय असते. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात आणि त्यांच्यावर लिहिलेलं असतं: ‘जेव्हा अमुक होईल’, ‘तेव्हा तमुक करा’. ते एकमेकांना जोडायचे. मी वाचलं आणि थक्क झालो. ही तर आमची सेवा नियमावली! जेव्हा अर्ज येईल, तेव्हा नोंद करा. जेव्हा नोंद होईल, तेव्हा पुढे पाठवा. आयुष्यभर मी हेच करत आलोय आणि लोक मला अडाणी समजतात. मी बाह्या सरसावल्या.

पहिलं बटण वर उडालं. मी ते सोडलं, तर ते खाली पडायच्या ऐवजी छताला जाऊन चिकटलं. गुरुत्वाकर्षणाच्या रकान्यात मी एक उणे चिन्ह घातलं होतं, कारण खाली म्हणजे उणे, असं मला शाळेत शिकवलेलं. हे समजायला चार दिवस लागले. नंतर बटण खाली पडलं, पण पडतच गेलं, पडद्याच्या तळातून निघून गेलं आणि कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. पडद्याला जमीन वेगळी घालावी लागते म्हणे. जमीन घातली तर काज तिच्याखाली गाडलं गेलं. काज वर काढलं तर दोन बोटं लावताच बटण ताटाएवढं फुगू लागलं. इंटरनेटवरच्या त्या तरुणाचा व्हिडिओ मी पुन्हा लावला. तो हसत होता. मी त्याला जे बोललो ते ऐकून गाण्याच्या बाईंनी वरची खिडकी लावून घेतली.

तरी तीन आठवड्यांत गेम झाला. झाला म्हणजे माझ्या मोबाईलवर व्यवस्थित चालू लागला. मी त्यात माझ्या अनुभवाची भरही घातली होती. बटण काजाजवळ नेलं की एक चौकट यायची: ‘आपण हे बटण या काजात घालू इच्छिता. खात्री आहे का?’ होय म्हटलं की ‘कृपया प्रतीक्षा करा’, आणि मग बटण आत. चुकीच्या निर्णयापासून माणसाला वाचवणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे, असं माझं मत आहे.

आता फक्त तो ताईच्या मोबाईलमध्ये घालायचा होता. घातला, तर तिच्या मोबाईलने नकार दिला. परगावी असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, आईला मागे एकाने फसवायला पाहिलं होतं, म्हणून मी तिच्या मोबाईलला कुलूप घालून ठेवलंय. अॅपच्या अधिकृत दुकानातून आलेलंच चालेल. बाहेरचं काही टाकायचं नाही.”

“अरे, मी बाहेरचा?”

“तुम्ही नाही मामा, तुमचा गेम.”

खरं सांगतो, राग आला तरी मनातून मला ते पटलं. अधिकृत म्हणजे अधिकृत. मी दुकानाच्या अटी वाचायला घेतल्या. नव्या माणसाचा गेम असेल तर आधी बारा जणांनी तो आपापल्या मोबाईलवर घ्यायचा आणि सलग चौदा दिवस ठेवायचा. एकानेही मध्ये काढला, की मोजणी पहिल्यापासून. ही अट ज्याने लिहिली तो आमच्या खात्यात असता तर एव्हाना उपसंचालक झाला असता.

बारा माणसं मुद्देसूदांनी जमवली, हे मला मान्य करावं लागेल. इमारतीतले सगळे आले. प्रत्येकाने गेम घेतला आणि प्रत्येकाने सूचना दिली. एकाला बटणं चौकोनी हवी होती. एकाला जिंकल्यावर फटाक्यांसारखं काहीतरी हवं होतं. गाण्याच्या बाई म्हणाल्या, “शांत आहे फार. मसणात बसल्यासारखं वाटतं.” मी दात ओठ खात सगळं लिहून घेतलं, क्रमांक घातले आणि कागद फडताळात ठेवून दिला.

याच सुमारास मला नियम आठवला. खात्यातल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने काहीही प्रसिद्ध करायचं असेल, तर खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बायको म्हणाली, “कोण विचारतंय तुम्हाला?” मी म्हटलं, “कुणी विचारत नाही म्हणून नियम पाळायचा नाही?” तिने हात जोडले. मी साध्या कागदावर रीतसर अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर रांगेत उभं राहून दिला. 

तिसऱ्या दिवशी तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. ना हरकत प्रमाणपत्रं परवानगी शाखेतून जातात आणि परवानगी शाखा म्हणजे मी. मी चष्मा लावून तो वाचला. अक्षर चांगलं होतं. पण प्रसिद्ध होणाऱ्या साहित्याची छापील प्रत, तीन प्रतींत, जोडलेली नव्हती. मी क्षणभर थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं मी असे शेकडो अर्ज परत पाठवले, तेव्हा माणसं माझ्यासमोर रडली, भांडली, एकाने तर पेपरवेट उचललं होतं. आता स्वतःचा आला म्हणून पुढे सरकवू? मी शेरा मारला: ‘त्रुटी. पूर्ततेसाठी अर्जदारास परत.’ आणि पत्ता घातला. माझा.

ते पत्र पाच दिवसांनी पोस्टाने घरी आलं. त्यातली भाषा वाचून मी इतका भडकलो की बायकोला म्हटलं, “माणसाशी बोलायची ही काय पद्धत आहे?” ती म्हणाली, “खाली सही बघा.” मी बघितली नाही.

तीन प्रती छापून जोडल्या. आता स्वतःच्या प्रकरणावर स्वतःच शिफारस करता येईना, म्हणून फाईल घेऊन थेट साहेबांकडे गेलो. साहेबांनी पानं उलटली.

“यात पाण्याचा काही संबंध?”

“नाही साहेब. बटणं आहेत.”

“मग पाणी खात्याची हरकत असण्याचा प्रश्न येतोच कुठे?”

“म्हणूनच ना हरकत हवंय, साहेब.”

“अहो, संबंध नसलेल्या गोष्टीला आपण ना हरकत कसं देणार? उद्या कुणी विमानासाठी मागेल.” ते विचारात पडले. “एखादा नळ टाका ना त्यात.”

मी नळ टाकला. लाज वाटते सांगायला, पण टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात एक नळ, थेंब थेंब गळणारा. साहेब म्हणाले, “गळका नको, खात्याची बदनामी होते.” मी गळती बंद केली. कोरडा नळ पाहून ते म्हणाले, “हेही बरं दिसत नाही.” मग नळावर कापड गुंडाळलेलं दाखवलं.

इकडे रोज संध्याकाळी घरी आलो की ताई खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारायची, “झालं का रे तुझं?” आणि मी सांगायचो, “मंजुरीत आहे.” ती मान हलवायची. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला असायचा. व्यायामाच्या बाई कॅलेंडरकडे बघायच्या. पाचवा महिना संपला, सहावा निम्मा गेला. मला भीती वाटत होती. आणि भीती वाटली की मी कुणावर तरी चिडतो, दुसरं काही मला येत नाही.

मोजणीच्या तेराव्या दिवशी मुद्देसूदांनी गेम काढून टाकला. मोबाईलमध्ये जागा नव्हती आणि त्यांना नातवाचे फोटो ठेवायचे होते. ते स्वतःच सांगायला आले. “माझे तीन मुद्दे आहेत,” ते म्हणाले. त्यानंतर मी जे बोललो त्यात मुद्दा एकच होता, पण तो तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, तीसुद्धा थांबली. मी म्हटलं, तुमच्या नातवाच्या चाळीस फोटोंपायी माझ्या बहिणीचा हात जाणार आहे! मुद्देसूद पांढरेफटक पडले. गेम ताईच्या हातासाठी आहे, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं मी हौस म्हणून करतोय.

मी धाडकन दार लावून आत आलो आणि सोफ्यावर बसलो. खिशातून मोबाईल काढला आणि उगाच, डोकं शांत व्हावं म्हणून, गेम उघडून दोन बटणं लावली.

बायको समोर उभी राहून बघत होती. “हा तोच ना गेम?” तिने विचारलं.

“हो.”

“चालतोय.”

“चालणारच. सात आठवडे चालतोय.”

“तुमच्या मोबाईलवर.”

“मग कुणाच्या?”

ती अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, “मग हा मोबाईल त्यांच्या हातात द्यायला काय झालं होतं?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग दाराकडे बघितलं. दारापलीकडे, बारा पावलांवर, ताई बसली होती. सात आठवडे मी रोज तो गेम खिशात घालून तिच्यासमोरून जात होतो. एकदाही, देवाशपथ एकदाही, माझ्या डोक्यात हे आलं नाही. मंजूर न झालेली वस्तू कुणाच्या हातात देतात, हेच मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मला स्वतःचा जितका राग आला तितका त्या सशाचाही आला नव्हता.

मी ताईच्या खुर्चीजवळ फरशीवर बसलो आणि मोबाईल तिच्या मांडीवर धरला. “मंजूर झाला?” तिने विचारलं. “नाही,” मी म्हटलं, “तू खेळ.”

तिने उजवा हात उचलला. अंगठा आणि बोट पडद्यावर टेकवलं. बोटं सरकेनात. मग दोन्ही जरा जवळ आली, बटण हललं, काजाच्या दिशेने सरकलं. तोच चौकट आली: ‘आपण हे बटण या काजात घालू इच्छिता. खात्री आहे का?’

“हे काय?” ताई म्हणाली.

“होय दाब.”

‘कृपया प्रतीक्षा करा.’

“कुणाची?”

“बटणाची. होईल आत.”

दुसरं बटण. पुन्हा खात्री. पुन्हा प्रतीक्षा. तिसऱ्या बटणाला तिचा श्वास जोरात होऊ लागला. चौथ्याला तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

“याला भोकं किती?”

“तीन,” मी म्हटलं. “छान दिसतात.”

“तीन भोकांचं बटण? आणि शर्टाला काज आडवं? जन्मभर माझ्या हातचे शर्ट घातलेस ना रे तू? आणि हा कोपऱ्यात फडकं बांधलेला नळ कसला?”

“तो साहेबांचा.”

“आणि चाळीस वर्षं बटणं लावली मी, मला विचारतोय, खात्री आहे का? मला? तू विचारतोस मला?”

“ताई, ती यंत्रणा...”

पुढचं बोलता आलं नाही. तिने मोबाईल मांडीवर टाकला आणि माझा कान धरला. नुसता धरला नाही, पिळला. चांगला सणसणीत. डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी ओरडलो तशी बायको धावत आली.

ती दारातच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. ती ताईकडे बघत नव्हती, माझ्या कानाकडे बघत होती. तेव्हा मीही, वाकडी मान आणखी वाकडी करून, तिरक्या डोळ्याने बघितलं. कान उजव्या हातात होता. अंगठा आणि बोट, दोन्ही, चिमटीत.

ताईलाही कळलं. ती आपल्याच हाताकडे बघत राहिली. बोटं सैल होत चालली आहेत हे मला जाणवलं.

“सोडू नकोस,” मी म्हटलं. “थकलीस तर थांब जरा. मग दुसरा धर.”